राबणारी मगर

आता माझ्या शहाणपणाचं काय काय ऐकवू तुम्हाला! शाळेत चार बुकं धड झाली नाहीत, पण मगरीचं पोट फाडायला मी कोयता घेऊन गेलो होतो. हसा, हसा.

गेल्या माघातली गोष्ट. दादा लढाईत कामी आल्याची तार येऊन महिना झाला होता. तार आली, दादाचं दुसरं काहीच आलं नाही. मागं राहिला त्याचा बोकड. नाव सुभेदार! दादाला जे व्हायचं होतं, ते त्यानं आधी बोकडाला करून टाकलं होतं. पलटणीत परत जाताना त्याच्या गळ्यात पितळी घंटी बांधून मला म्हणाला, "मी येस्तवर ही काढायची न्हाई."

आणि मी काय केलं? कृष्णेकाठी सुभेदाराला चरायला सोडलं आणि बाभळीखाली ताणून दिली. उठतो तर बोकड नाही. समोर वाळूवर मगर, पोट भरलेल्या कणगीसारखं! याला शाळा कशाला लागते? हिशेब सुटला!

रडत घरी गेलो. वहिनीनं चूल पेटवलीच नाही. गल्लीतली माणसं दुखवट्याला आली. बोकडाच्या! दादाच्या वेळेपेक्षा चार जास्तच.

तीन दिवस मी लांबून पाहिलं. मगर तोंड वासून पडलेली, हालचाल नाही. मी ठरवून टाकलं, अजीर्णानं मेली. मग दादाची घंटी तिच्या पोटात कुजू द्यायची? चौथ्या दिवशी कोयता घेतला. मागं अर्धा गाव, बेतानं अंतर राखून.

नाव चालवणारा धोंडू भोई आडवा आला. "मेल्याली न्हाई ती. राबतीया."

"पडून?"

"पडूनच. येवढा घास जिरवायचा म्हंजी चार एकर नांगरल्यागत हाय, गड्या. अंगातलं समदं बळ पोटाकडं लागतंय. वरनं उनाची धग पायजे."

मी मान हलवली आणि सरळ जाऊन तिच्या कुशीवर तळहात टेकला.

काय सांगू! कातडं तव्यासारखं तापलेलं, आणि आत धडधड, धडधड. बाहेर पान हलत नव्हतं, आत गुऱ्हाळ चालू होतं! एवढं थोरलं जनावर, एक घास पचवायला अख्ख्या जिवानं झटत होतं. हातातला कोयता कधी गळला, कळलं नाही.

मग तिचा डोळा उघडला.

तिला पळायचं तर पोटात ओझं नको. तिनं चार दिवसांची मेहनत माझ्या पायांवर ओकली आणि पाण्यात सटकली. मी चिखलात उताणा. धोंडूनं ते ओकलेलं काठीनं उलथून पाहिलं. भटकं कुत्रं! ना शिंगं, ना घंटी.

तेवढ्यात वरच्या मळ्यातल्या उसातून किणकिण आली. सुभेदार डुलत बाहेर पडला. चार दिवस कुणाचा ऊस खाल्ला देव जाणे, पोट मगरीला लाजवील असं.

मी त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दादासाठी रडायचं राहिलं होतं तेवढं तिथंच रडलो.

घरी चूल पेटली. महिनाभर घशाखाली उतरत नव्हती, ती भाकरी त्या दिवशी सात वेळा उतरली. मग अंगणात, उन्हात, बोकडाशेजारी आडवा झालो. वहिनी म्हणाली, "भावजी, दिवसाउजेडी झोपताय व्हय?"

"झोपतोय कुठं? राबतोय."

वहिनी महिन्यानं हसली. ते हसू गल्लीनं ऐकलं, मग गावानं. आता आमच्या घरात दोन हुद्देदार आहेत: बोकड सुभेदार, आणि मी मगर.