नववी स्लाइड

इस्माईलचाचा आज सकाळी गेले.

त्यांच्यासाठी मी एकाच्या कानाखाली मारली होती. त्यांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

चाचा रफूगर. दादरला, हिंदमाताला साडीच्या दुकानाबाहेर ओट्यावर बसायचे. फाटका शालू त्यांना द्यायचा, आणि परत घेताना फाटलं होतं कुठे ते आपणच शोधत बसायचं.

दोन वर्षांपूर्वी एसवायला आम्हाला ग्रुप प्रोजेक्ट होता. 'अल्पसंख्याकांचा संघर्ष आणि यश.' ग्रुपमध्ये मी आणि नाझनीन. अजून दोघं होते, नावाला.

खरं सांगतो, विषयाशी मला घेणंदेणं नव्हतं. मला नाझनीनच्या ग्रुपमध्ये राहायचं होतं.

प्रोजेक्टसाठी नाझनीनने चाचांना निवडलं. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "चाचा, आपको लाइफ में क्या क्या तकलीफ हुई?"

सुईत दोरा ओवत म्हणाले, "मराठीत विचार की. तुझं हिंदी ऐकणं हीच मोठी तकलीफ आहे."

नाझनीन इतकी हसली की मी आठवडाभर त्यावर जगलो.

चाचा निघाले रत्नागिरीकडचे, आमच्या गावच्या खाडीपलीकडचे. दर मे महिन्यात गावी जातो मी. पलीकडे कोण राहतं, कधी विचारलंच नव्हतं.

"बाहेरचा धागा लावला की दिसतो," चाचा शिकवायचे. "साडीचं आत खोचायचं टोक असतं ना, तिथला धागा काढायचा. मग कोणाच्या बापाला कळत नाही."

प्रेझेंटेशनला नाझनीन बोलत होती. पाचव्या स्लाइडवर रफू केलेल्या साडीचा फोटो आला.

मागून एक जण बोलला, "फाडणारे पण हेच, शिवणारे पण हेच."

वर्ग हसला.

मी जाऊन त्याला मारलं. प्रेझेंटेशन तिथेच बंद.

जिन्यात हिरोसारखा उभा होतो. वाटलं, आता ती येईल.

आली.

म्हणाली, "त्याचं उत्तर नवव्या स्लाइडवर होतं. मी देणार होते. आता सगळ्यांना फक्त तुझा हात आठवणार."

त्यानंतर बोलली नाही.

कॉलेजने माफीनामा मागितला. मी म्हटलं, मेलो तरी देणार नाही. कॉलेज सोडलं.

आणि कामाला लागलो कुठे, तर चाचांच्याच ओट्याच्या दुकानात. साड्या उघडायच्या, दाखवायच्या, घडी घालायची. परत उघडायच्या.

काचेच्या आत मी, बाहेर चाचा.

रोज सकाळी विचारायचे, "लिहिलास माफीनामा?"

"चाचा, तो तुम्हाला बोलला होता."

"मला बोलला ना? मग ते माझ्याकडे राहू द्यायचं. तू मारलंस त्या पोरीला दाखवायला."

मी आत जाऊन पुढची साडी उघडायचो.

आज दोन वर्षांनी प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाझनीनचा मेसेज. "चाचा गेले. दुपारी मय्यत."

शेठकडे सुट्टी मागितली. लग्नसराई आहे, चारला जा म्हणाले. चारला सगळं आटोपलं होतं.

दिवसभर रिकामा ओटा बघत घड्या घातल्या.

नववी स्लाइड अजून माझ्या फोनमध्ये आहे. तशीच टाकतो.

"दंगलीनंतर दुकानाच्या मालकाने चाचांना ओट्यावरून उठवलं. थोडे दिवस बसू नका, म्हणाला. थोडे दिवस म्हणजे चार वर्षं. चाचा समोरच्या फुटपाथवर बसले. बायका पिशव्या घेऊन, रस्ता ओलांडून त्यांच्याकडेच जात राहिल्या. मग त्याच मालकाच्या मुलीचा शालू लग्नाच्या आदल्या दिवशी खिळ्याला अडकून फाटला. मालक स्वतः रस्ता ओलांडून आला. चाचांनी रफू केलं. मजुरी घेतली नाही. म्हणाले, माझी जागा दे. दुसऱ्या दिवसापासून चाचा परत ओट्यावर."

नाझनीन, हे तू बोलायचं होतंस. मी बोलू दिलं नाही. सॉरी.

ज्याला मारलं तो पण फ्रेंडलिस्टमध्ये आहे. तू बोललास ते घाणच होतं. तरी सॉरी.

चाचा, लिहिला माफीनामा. कॉलेजात आता घ्यायला कोणी नाही, नाव केव्हाच कापलंय. उद्या दहाला शटर वर जाईल, मी काचेच्या आतच असेन.

विचारायला तुम्ही नसाल.

खुदा हाफिज, चाचा.