दीपमालाने मध्यस्थ हाकलला

कर्वेनगरात तेव्हा ज्याच्या घरातलं एकही पोर आयटीत नाही, त्याच्याकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघत. भीमरावांची दीपमाला तर रसायनशास्त्रात पीएचडी करत होती, म्हणजे दुखणं जुनाट. सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब तिला जिन्यात गाठून विचारायचे, "अजून शिकताच आहात का आपण?" हे ‘आपण’ पुण्याबाहेर आदरार्थी असतं म्हणे.

पोरगी सिलिकॉन आणि कार्बनची सोयरीक जुळवत होती. कुकरच्या रिंगेपासून औषधांपर्यंत ही जोडपी लागतात. एरवी अशा लग्नाला पॅलेडियमसारखा महागडा धातू मध्यस्थ लागतो, आणि मागे तो विषारी कचरा ठेवून जातो तो वेगळाच. दीपमालाने मध्यस्थच हाकलला. द्रावणात ग्राफाइटच्या कांड्या बुडवल्या, वीज सोडली, लग्न लागलं.

तिचे गाईड श्यामसुंदर सर चहाच्या कपात बघत म्हणाले, की मध्यस्थ गेलेला नाही, लपलाय. शंका खरी होती. द्रावण ढवळायच्या चुंबकी गोळ्या सगळ्या लॅबच्या एकाच बरणीत राहायच्या. धुवायच्या, पुन्हा वापरायच्या. टाकून देणं म्हणजे पाप. वर्षानुवर्षं पॅलेडियममध्ये फिरलेल्या गोळीला कणभर धातू चिकटून राहतो, आणि लग्न लावायला तेवढाही पुरतो. दीपमालाने त्याच बरणीत हात घातला होता. आता ‘धातूविना’ हा दावा पडला, की तिचा सगळा प्रबंधच पडला.

दुसऱ्या कुणी नवी गोळी मागवली असती. हिने गोळीच काढून टाकली. भांडी नवी, कांड्या नव्या, आणि ढवळायला खालून नायट्रोजनचे बुडबुडे.

"बुडबुड्यांना तर काही चिकटत नाही ना, सर?"

सर स्टूल ओढून समोर बसले. पुण्यात यालाच उत्सुकता म्हणतात.

यंत्रातून आलेख आला. हवी ती रेघ ताडासारखी उभी. माल आधीपेक्षा काकणभर जास्तच, आणि तपासणीत पॅलेडियमचा मागमूस नाही. सर बराच वेळ कागद न्याहाळत राहिले.

"सर, उलटा धरलाय."

"माहितीये," असं म्हणून त्यांनी तो सुलटा केला. "पेपरच्या शीर्षकात ‘धातूविना’ पहिलं घाल. वाचणाऱ्याला आधीच टोचू दे."

पेपर त्याच दुपारी जर्नलकडे रवाना झाला. दीपमालाने व्हरांड्यातून घरी फोन लावला.

"बाबा, माझी रिअ‍ॅक्शन खरी निघाली."

"मग?" भीमराव म्हणाले. "आम्ही काय खोटी समजत होतो?"

ती इतकी मोठ्याने हसली, की शेजारच्या लॅबमधली माणसं दार उघडून बाहेर आली.