खाण बंद न झालेलं गाव

सांझियानाच्या वडिलांनी, औरेलनी, सत्त्याण्णव साली खाण बंद करण्याच्या कागदावर कामगारांच्या वतीनं सही केली. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, पण चौकातून जाताना त्यांनी मान कधी वर केली नाही. एखादं दुकान बंद पडलं, शेजारचं कुटुंब इटलीला गेलं, की ते जेवता जेवता म्हणायचे, "हे माझ्या हातून झालं."

लेक पुढे तिमिश्वारा शहरातल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागली. संशोधनाला विषय घेतला तोही खाणी बंद पडलेल्या गावांचा. का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

एका मार्चमध्ये तिच्या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. खाण बंद पडल्यानं गावाचं किती नुकसान झालं, हे गणित करायला आधी ती पानंच्या पानं कोड लिहायची, आणि हाती यायची ती सगळ्या गावांची मिळून एक सरासरी. आता एका आज्ञेत काम व्हायचं. ज्या गावांच्या खाणी चालू राहिल्या त्यांचे आकडे योग्य प्रमाणात मिसळून, एखाद्या गावाची खाण बंद झालीच नसती तर ते गाव दरवर्षी कसं दिसलं असतं, याची रेघ ते काढून द्यायचं. रेघेभोवती फिकट पट्टा, अंदाज किती चुकू शकतो ते दाखवणारा.

"आधी तुझंच गाव घाल की," शेजारच्या टेबलावरून सहकारी होरात्सिऊ म्हणाला. "का घाबरतेस?"

"तुझ्या कॉफीला घाबरते तेवढी नाही," म्हणत तिनं गाव घातलं.

खरी रेघ घसरत गेली. दुसरी वरच राहिली. २००४ साली शाळेत इयत्ता पहिलीत खरी मुलं एकेचाळीस, त्या दुसऱ्या गावात एकशे अठरा. पट्ट्याचं खालचं टोकसुद्धा पंचाण्णववर.

सत्त्याहत्तर मुलं. ती तिचा पिच्छा सोडेनात. ट्राममध्ये अठ्ठाविशीचं कोणी दिसलं की ती चेहरा न्याहाळत बसायची. हजेरी घेताना ती रिकामी बाकंही मोजायची. नुसतं गणित आहे, हे तिला कळत होतं. पण वडिलांचं म्हणणं खरं निघालं होतं, आणि तेही आता छापता येण्यासारखं.

ईस्टरला ती गावी गेली. आई, वेतुरिया, सणासाठी कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी रंगवत होती. सांझियानानं लॅपटॉप पुढे केला.

"या वरच्या गावात राहतं कोण?" आईनं विचारलं.

"कोणी नाही, आई. गणित आहे ते."

"खाण चालू आहे ना तिथं? मग अपघाताचा भोंगाही वाजत असेल. तुझा मामा चौदा जणांबरोबर कायमचा आतच राहिला. तुझ्या मशीननं मेलेले मोजले, का नुसते न जन्मलेले?"

सांझियानानं लॅपटॉपमधल्या नोंदी चाळल्या. अपघातांचे आकडे तिच्याकडे होते. तिनं ते कधी घातलेच नव्हते.

"बाबांनी सही का केली?"

"आत स्फोटक वायू वाढत चालला होता. मोजायचं काम त्यांचंच, त्यांना ठाऊक होतं. पुढं गाव रिकामं होत गेलं, तसं ते कारण त्यांचं त्यांनाच पटेनासं झालं."

परतल्यावर तिनं ते आकडे घातले. २०१० पर्यंत त्या दुसऱ्या गावात खाणीत सत्तावीस माणसं जास्त मेली होती. पट्टा एकोणीसपासून अडतीसपर्यंत.

"लेखात एकच निकाल ठेव," होरात्सिऊ म्हणाला. "दोन ठेवलेस तर संपादक तो परत पाठवतील."

तिनं दोन्ही ठेवले. एकातून दुसरा वजा केला नाही. लेख दोनदा परत आला आणि वर्षभरानं एका लहान नियतकालिकात निघाला.

तो घेऊन ती आईकडे गेली तेव्हा वेतुरिया चर्चमध्ये प्रार्थनेसाठी द्यायची नावांची चिठ्ठी लिहीत होती. एका रकान्यात जिवंत, दुसऱ्यात मृत. तिनं लेखावरून नजर फिरवली.

"ही सत्त्याहत्तर पोरं कुठल्या रकान्यात लिहायची गं?"

आईनं पेन दोन्ही रकान्यांवरून फिरवलं. मग मृतांच्या रकान्यात भावाच्या नावाखाली तिनं 'औरेल' लिहिलं, आणि खालची मोठी जागा कोरीच सोडून चिठ्ठीची घडी घातली.