पात्याला लावलेलं कुंकू

मुलगी पहिलीत होती तेव्हा मी पीएचडीला नाव घातलं. आता ती दहावीत आहे आणि माझं अजून चालूच. लग्नकार्यात नातेवाईक भेटले की पोरीचे मार्क नंतर, आधी माझीच चौकशी. "काय मॅडम, झालं का?" नाही झालं बाबा. झालं की दवंडी पिटीन.

विषय तसा साधा. पाटोद्याकडच्या माळावर पवनचक्क्या आहेत, त्यांच्या पात्यांवरून वारा कसा वाहतो एवढंच. वारा पात्याच्या पाठीला चिकटून गेला तर पातं नीट फिरतं. पातं जास्त तिरकं झालं की वारा मध्येच सुटतो आणि मागे नुसते भोवरे. पाठीवर नखाएवढे पत्र्याचे पंख चिकटवले तर वारा सुटायचा नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमागे विंड टनेल आहे, म्हणजे काचेची खिडकी असलेला लांबलचक लाकडी खोका आणि टोकाला मोठा पंखा. त्यात हातभर पातं बसवायचं, धूर सोडायचा आणि बघत बसायचं. प्रॅक्टिकलं, पेपर तपासणं, इलेक्शन ड्युटी यातून वेळ उरेल तेव्हा मी बघत बसले. पंखांचा आकार बदलला, जागा बदलली, पण धूर सुटायचा तो सुटायचाच. घोडं तिथंच पेंड खायचं. यंदा मिळालेली मुदतवाढ शेवटची. दिवाळीनंतर प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणीच रद्द.

दसऱ्याच्या सुट्टीआधी पंख आणखी थोडे पुढे चिकटवले आणि वैतागून घरी गेले. सुट्टीनंतर टनेल लावलं, तर धूर पाठीला चिकटून शेवटपर्यंत गेला! कोन वाढवला, तरी चिकटलेलाच. अगं बाई! पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. गाईड सरांना फोन केला तर म्हणाले, "सुटलो मॅडम आपण दोघंही. लिहायला घ्या." सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला आनंद झाला का? खरं सांगू, मला झोप आली. इतक्या वर्षांची साठलेली.

प्रबंधात फोटो हवा म्हणून एका शनिवारी पातं बाहेर काढलं. उजेडात धरलं तर पुढच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाळलेलं हळदीकुंकू. त्यात अक्षतासुद्धा घट्ट बसलेल्या. टनेलच्या खिडकीतून फक्त पात्याची बाजू दिसते, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं.

वर्कशॉपच्या शिपायाला आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांना हाक मारली.

"खंडेनवमीला म्याच लावलं," ते म्हणाले. "लेथला लावलं, ड्रिलला लावलं. पात्याला एकट्याला कावून सोडायचं? तुमचं तर समदं त्याच्यावरच हाय."

कपाळ माझं! खरखरीत कडेवरून जाताना वारा खवळतो, आणि खवळलेला वारा पाठीला जास्त वेळ चिकटून राहतो. पुस्तकातली जुनी गोष्ट, मीच दरवर्षी पोरांना शिकवते. ओल्या फडक्यानं कड पुसली, पंख तसेच ठेवले, टनेल लावलं. धूर सुटला. मग पंख खरवडून काढले, मामांकडून कुंकू मागून घेतलं, ओलं करून कडेला लावलं. धूर चिकटला. म्हणजे पंखांनी काहीच केलं नव्हतं, आणि कुंकवानं जे केलं ते जगाला आधीच माहीत होतं.

"म्याडम, माजं काई चुकलं का?"

"नाही मामा." राग आला होता, लई आला होता. पण काढायचा कुणावर, खंडेनवमीवर?

सरांना फोन लावला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे कुणी पाहिलंय?"

"मी."

"मॅडम, मी रिटायर होतोय. सुट्टीनंतरचे पहिले आकडे काही खोटे नाहीत, तुम्ही मोजलेलेच आहेत. लिहून मोकळ्या व्हा."

खोटे नव्हतेच ते. मला पटतही होतं, लाज वाटावी इतकं पटत होतं. पण उद्या कुणी माझं वाचून माळावरच्या खऱ्या पात्यांना पंख चिकटवत बसलं तर? "नाही लिहवत सर," म्हटलं आणि रडूच फुटलं.

संध्याकाळी घरी पोचले तर दारात स्टूल आणि त्यावर आमचे हे उभे. नेकनूरच्या शाळेतून येताना नवी पाटी करून आणली होती, माझ्या नावाआधी 'डॉ.' घातलेली. दोन स्क्रू बसवून झाले होते, दोन ओठांत धरलेले.

"सरळ हाय का बघ गं," ते तसेच पुटपुटले.

"काढा ती."

त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. बसवलेला स्क्रू उलटा फिरवायला लागले.