गजूचा फॉर्म मी भरला

हे बायकोला ठाऊक नाही. आईलाही कधी कळलं नाही, आणि आता ती राहिली नाही. गजूला तर — त्याचंच सांगणार आहे, जरा दम धरा. वीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अशी एका दमात बाहेर येत नाही.

दुर्गजवळ सुपेल्यात माझं छोटं दुकान आहे. फौजेच्या भरतीचे फॉर्म भरून देतो आणि मागच्या खोलीत लेखी परीक्षेची तयारी करून घेतो. नाव चांगलं आहे माझं. येणाऱ्याला पहिल्याच दिवशी समजावतो — पेपरात किती गुण पडले, एवढ्यानं काही ठरत नाही. ज्या ट्रेडचा, म्हणजे फौजेतल्या ज्या कामाचा फॉर्म भरलात, त्या ट्रेडच्या यादीत ते गुण मोजतात. आणि त्या यादीत शिरायला आधी पात्रता लागते — बारावीचे विषय, विषयवार टक्के. म्हणून आधी भरतीचं पत्रक वाचा, मग धावायला जा. सर किती कळकळीनं सांगतात, असं लोक म्हणतात. कळकळ! ती कुठून आली, हे कोण विचारतो?

गजू आमच्या क्वार्टरच्या मागच्या लाइनीत राहायचा. दोघांचेही बाप भंडाऱ्याकडचे, शेती सोडून पोलादाच्या प्लांटात लागलेले, दोघेही कोक ओव्हनच्या भट्टीवर, एकाच शिफ्टला. काय दिवस होते ते! सकाळी सेक्टरच्या रिकाम्या रस्त्यांवर धावायचो. दोन्हीकडे झाडं, लांबून प्लांटची घरघर, आणि गजूचे ते एका बाजूनं झिजलेले बूट. परत आलो की त्याची आई भिजवलेले चणे न् गूळ ओंजळीत ओतायची. मग व्हरांड्यात चटई टाकून सरावाचे पेपर सोडवायचो. तेवढं सुख मला पुढं कशातच मिळालं नाही, हे अगदी खरं सांगतो.

पेपर तपासायचो मी. कारण हुशार मी होतो — सगळी लाइन तसं म्हणायची. गजू म्हणजे बिघडलेले पंखे, मिक्सर, सायकलीचे डायनॅमो. यंत्र उघडलं की याला भूक लागायची नाही. फौजेत जायचं तेही टेक्निकलमध्येच, वर्कशॉपात, इंजिनांत हात घालायला — दुसरं त्याला काही नकोच होतं. अभ्यासात बेताचा. बारावीला फिजिक्स अडलं, पूरक परीक्षा देऊन सुटला.

आणि तरी — इथेच अडतं माझं — सरावात तो माझ्या पुढे जायला लागला. का, ते मला तेव्हाच कळलं होतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत. गजूला जे येत नसे ते तो सरळ कोरं सोडायचा. मला कोरं सोडणं जमायचं नाही. हुशार माणसानं प्रश्न सोडायचा? मग ठोकून द्यायचो उत्तर आणि कापून घ्यायचो गुण. अति शहाण्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तशातली गत. एकदा दोनदा झालं, चालून जातं. पण आठवड्यामागून आठवडे दोघांचे आकडे मीच माझ्या हातानं शेजारी शेजारी लिहीत होतो.

मलाही टेक्निकलच हवं होतं. म्हणजे उद्या यादी लागली असती तर त्यात गजू वर आणि मी खाली. सगळ्या लाइनीनं ती वाचली असती. माझ्या बापानं वाचली असती.

आमच्याकडे एक रीत होती. फॉर्म एकानंच भरायचा, सगळ्यांचा. ज्याचं अक्षर बरं आणि ज्याला पत्रक समजतं त्यानं. बाकीचे मार्कशीट आणून देत आणि मोकळे होत. त्या दुपारी गजूनं त्याची मार्कशीट माझ्यापुढे ठेवली आणि तो अंगणात कुणाच्या तरी सायकलीची चेन बसवायला लागला. मी पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. पूरकचे गुण धरून गजू टेक्निकलला पात्र होता, सरळसोट.

मी बसल्या जागेवरून ओरडलो, "गजू, पूरकवाल्याले टेक्निकल नाही चालत बे. जीडी भरून राहिलो तुयं."

जीडी म्हणजे जनरल ड्यूटी. सरळ शिपाई — बंदूक, पहारा, कूच.

त्यानं चेन खाली ठेवली. चेनीचं तेल हाताला लागलेलं, ते तसंच. मग म्हणाला, "तुले समजते ना. भर मंग."

भरला.

तो निवडला गेला. मी टेक्निकलच्या यादीत कुठंच नव्हतो. गजू माझ्या वर असता-नसता, काही फरक पडत नव्हता. मला माझ्याच ठोकून दिलेल्या उत्तरांनी खाल्लं होतं. मग केलं कशासाठी? दुर्ग स्टेशनवर त्याला निरोप द्यायला अख्खी लाइन आली होती. त्याच्या बापानं माझ्या तोंडात पेढा घातला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, ह्याच्यामुळं झालं. मी तो पेढा खाल्ला. गोडच लागला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पुढं मनाची समजूत घालायला काही कमी मिळालं का? गजूचं वाटोळं तर झालं नाही. फौजेत गेला, धडधाकट परतला, पेन्शन आहे, बोरसीला घर आहे. असं किती वर्षं घोकलं. पण सतरा वर्षं त्यानं चौक्यांवर उभं राहून काढली आणि आता रसमड्याच्या एका कारखान्याच्या गेटवर उभा असतो. इंजिनाला हात लावायचा राहूनच गेला.

मागच्या हिवाळ्यात तो दुकानात आला. त्याच्या कारखान्यात मेंटेनन्सची जागा निघाली होती, पण ट्रेडचं सर्टिफिकेट मागत होते. आपल्याकडे ते कुठलं, असं म्हणून हसला. गेटची मोटर बंद पडली की हा चालू करतो, आणि कागदावर सही बाहेरचा मेकॅनिक येऊन करतो. चहा पिता पिता सहज बोलावं तसं म्हणाला —

"ट्रेनिंग सेंटरले गेलो ना, तर पहिल्याच हप्त्यात तिथल्या बाबूनं मार्कशीट पाह्यली. म्हणे, टेक्निकल कावून नाही भरला? पूरकचा असा काई नियमच नोयता. बदलून मांगलं, नाही भेटलं. मी तुले सांगतलं नाही कधी. तुले वाईट वाटलं असतं ना बे. तुले बी कोणं चुकीचंच सांगतलं असन."

समजलं तुम्हाला? त्याला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यापासून. आणि इतकी वर्षं सुट्टीवर आला की माझ्यासाठी कधी अक्रोड, कधी लोकरी मोजे घेऊन यायचा, आणि हे मात्र मला लागू नये म्हणून पोटात ठेवायचा. माझी चूक झाली असं समजून त्यानं ती केव्हाच सोडून दिली होती.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आता कुठली यादी लागायची नव्हती, बाप वाचायला नव्हता, वय एकोणीस नव्हतं. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "हो बे, कोणंतरी तसंच सांगतलं होतं मले."

"मले वाटलंच," गजू म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. कप धुऊन जागेवर ठेवला आणि ड्यूटीला गेला.

मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. तो नियम मी केला होता, एका माणसासाठी.