दहा ते बाराचा हल्लेखोर

सकाळपासून शंभर वेळा दारावर थाप मारणारा माणूस चोरच असतो, असं तुम्हाला कुणी शिकवलं?

मला कुणीच शिकवलं नव्हतं. तरी मी तसं धरून चालले.

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील बिडी कामगार बायकांसाठी ती लिहायचे, मी शाळेत जाताना दारोदार टाकायचे. जगात दोनच बाजू असतात, ही माझी तेव्हापासूनची खात्री. पुढे पत्रकं थांबली, तेव्हा मी एक लहानशी वेबसाइट काढली. ओळखपत्राचे नियम, अर्जांचे नमुने, कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती कशी मिळते, सगळं साध्या मराठीत आणि तेलुगूत.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांतच साइट बंद पडू लागली. कुणीतरी आमचा पासवर्ड ओळखण्याचा अखंड प्रयत्न करत होतं. आमच्या गल्लीतल्या अक्काच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती नाही मिळाली, तर तीही आईशेजारी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसणार होती.

मी सर्व्हरच्या नोंदी वाचायला शिकले. कुठल्या इंटरनेट-पत्त्यावरून कोण आलं, किती वाजता आलं, कुठलं पान मागितलं. एक पत्ता अडवला की दुसरे दोन उगवत. आठवड्याभरात राग संपला, नुसते डोळे दुखायचे. इथे सोलापुरात सात रस्त्याला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माझा वर्गमित्र एकदा डोकावून म्हणाला, "गिनती कायको देखरी? क्या मांगरा, वो देख ना."

मी हो म्हणाले आणि गिनतीच पाहिली, कोण किती वेळा आलं त्याची. सगळ्यात वर सोलापूरचाच एक पत्ता होता. रोज दहा ते बारा. बिडी कारखान्याची शाखा याच वेळात उघडी असते; बायका वळलेल्या बिड्या देतात, पानं-तंबाखू घेतात. तिथल्या कारकुनाशी, चांगल्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो म्हणून, मी भांडले होते. जुळलं. पत्ता अडवला आणि व्हॉट्सअॅपच्या सगळ्या ग्रुपवर मेसेज टाकला: हल्लेखोर सापडला, तो कारखान्यातच बसलाय, कारकुनाच्या खुर्चीत. शब्द वडिलांच्या पत्रकातले. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

चौथ्या दिवशी अक्का मुलीला घेऊन आली.

"ओ ताई, तुमचं ते शिष्यवृत्तीचं पान उघडंना की. ब्रँचमध्ये आमी सगळ्याजणी बोट मारून मारून दमलाव."

"ब्रँचमध्ये? तिथे नेट कुठलं?"

"कारकून देतो की त्याचं वायफाय. लाईनीत बसल्या बसल्या बघा म्हणतो. आता मालकानं तेबी बंद केलं. कुणीतरी कारकुनावर कायतर लिहिलंय म्हणे."

"मीच लिहिलंय, अक्का."

"तू?" ताईवरून ती तूवर आली. "मग बस आता. पोरीचा अर्ज तूच भर."

मी आधी नोंदी उघडल्या. त्या पत्त्यानं लॉगिनचं पान एकदाही मागितलं नव्हतं. मागितलं होतं ते शिष्यवृत्तीचं पान. खऱ्या हल्ल्यामुळे साइट मंद होती, पान उघडायचं नाही, म्हणून बायका पुन्हा पुन्हा बोट मारत होत्या; सगळ्यांचं वायफाय एकच, म्हणून नोंदीत पत्ताही एकच. मग सरकारी अर्ज उघडला. वर लाल अक्षरांत होतं: मुदत संपली आहे. आदल्याच दिवशी संपली होती.

"झालं का गं?" अक्कानं विचारलं. मुलीनं वाचलं होतं. ती चपला घालायला उठली.

लॉगिन मागणारे तेवढे अडवल्यावर साइट सुरळीत झाली. एवढंसंच काम होतं. कारकुनाची माफी मागायला गेले, तर त्याची बदली झाली होती. मेसेज चुकीचा होता असं ग्रुपवर लिहिलं. ते फारसं कुणी पुढे पाठवलं नाही.

अक्काच्या मुलीचं ते वर्ष गेलं. कॉलेजनं तिची जागा यंदापर्यंत धरली आहे, पण शिष्यवृत्तीवाले म्हणतात, मागच्या वर्षीचा प्रवेश चालत नाही. अर्ज न भरण्यात तिची चूक नव्हती, असं निवेदन मी लिहिलंय. त्यात माझी चूक माझ्या सहीनं कबूल केली आहे. पण एका मुलीसाठी कुणी नियम बदलत नाही, आणि त्या चार दिवसांत ती एकटीच अडली असेल असं मला वाटत नाही. तुमच्या गल्लीत बिडी कामगाराची अशी अर्ज राहिलेली मुलगी असेल, तर मला दोन शिव्या द्या, आणि तिला याच आठवड्यात निवेदनावर सही करायला माझ्याकडे पाठवा.