टेलरमास्तर आणि अनोळखी व्याही

टेलरमास्तरांना एकाच गोष्टीचा धसका होता. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी सख्ख्या भावालाच "आपण कोण?" असं विचारायचे. आपलंही तसंच झालं तर? म्हणून मास्तर आपणहून डॉक्टरीणबाईंकडे गेले. ब्लडप्रेशर वाढलेलं, साखर काठावर, कान मंद, आणि दिवसभर मशीनवर बैठक! बाई म्हणाल्या, "हमी कुणीच देणार नाही, मास्तर. पण रोज चाललात, मीठ कमी केलंत, कानाला यंत्र लावलंत, चार माणसांत मिसळलात, तर धोका कमी होऊ शकतो."

बायकोने तो हुकूमच समजला. मिठाची बरणी माळ्यावर गेली.

"अगं, भाजीला काही चव?"

"चव विसरलात तरी चालेल. मला विसरू नका म्हणजे झालं."

कानातल्या यंत्राने तर कहरच केला. सगळ्यांचे आवाज नवेच वाटायला लागले. शिवाय बायको दिवसभर पुटपुटते ते सगळं आपल्याविषयीच असतं, हा शोध मास्तरांना या वयात लागला.

तरी गडी नेमाने बागेत फिरायला जाऊ लागला आणि तिथेच घात झाला. व्याही परगावी थोरल्या मुलाकडे वर्षभर राहून नुकतेच परतले होते. समोरून हसत आले. मास्तर म्हणाले, "नमस्कार! नवीन दिसताय," आणि गेले की पुढे! दुसऱ्या दिवशीही तेच. आता सांगा, व्याह्याला न ओळखणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे? व्याही आधी फुगले, मग घाबरले, आणि संध्याकाळी सुनेला, म्हणजे मास्तरांच्याच लेकीला, घेऊन दारात हजर झाले.

"बाबा, हे कोण?" लेकीने विचारलं.

मास्तरांनी निरखून पाहिलं. "हे? सकाळी बागेत असतात ते."

लेकीला हुंदका फुटला. "अहो बाबा, हे माझे सासरे!"

मास्तर मटकन खाली बसले. झालं! भाऊ गेला त्याच वाटेला आपणही लागलो.

बायको मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. "रडताय काय सगळे? यांनी जन्मात कुणाचं तोंड बघितलंय? गिऱ्हाईक दारात आलं की यांची नजर खांद्यावर. अहो, व्याह्यांचं माप सांगा बघू!"

"छाती बेचाळीस, पोट शेहेचाळीस," मास्तर कापऱ्या आवाजात म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच उतरता."

आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी सरळ समोरच्या माणसाच्या पोटाला गुंडाळली. अडतीस! मग खांद्यांवर हात फिरवला. डावा उतरता.

"अहो व्याहीबुवा! आठ इंच कुठे टाकून आलात?"

"मलाही डॉक्टरने चालायला लावलंय," व्याही ओशाळून म्हणाले.

मास्तरांनी त्यांना अशी मिठी मारली की बिचाऱ्यांचा चष्मा खाली पडला. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

पाहुणे गेल्यावर बायकोला चेष्टा सुचली. "आता डोळे मिटा. माझ्या कुठल्या गालावर तीळ आहे?"

"तुझा खांदा चौदा..."

"खांदा नाही, गाल!"

मास्तरांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट आवळले. इतकी वर्षं त्यांनी शिवलेला तिचा एकही ब्लाउज कधी उसवावा लागला नव्हता, आणि गाल काही केल्या आठवेना. आठवणार कुठून? कधी नीट पाहिलाच नव्हता. जिला विसरू म्हणून एवढी भीती, तिचा चेहराच आपण मनात कधी साठवला नाही! मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी डोळे उघडले, चष्मा पुसला, स्टूल तिच्यासमोर ओढलं आणि हनुवटीला हात लावून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"उजव्या गालावर," ते हळूच म्हणाले. "आणि हसताना इथे खळी पडते. ही कधीपासून?"

"लग्नाआधीपासून," बायको म्हणाली. "सोडा आता. म्हातारचळ लागलाय तुम्हाला!"

पण तोंड काही तिने फिरवलं नाही.